गढीचा चार्ज

सोमवार, १५ एप्रिल १९७४. मोरवणे.

पोचले एकदाची! वाईहून सातारा, साताऱ्याहून सांगली, सांगलीहून कवठे महांकाळ आणि तिथून अशा एका एस.टी.त, जिच्या खिडक्यांना काचा नव्हत्या पण कंडक्टरला तोंड मात्र भरपूर होतं. अंगावर इतकी धूळ बसली की आरशात बघून मीच दचकले. पण मी खूष आहे. चौतिसाव्या वर्षी पहिली नोकरी, तीही सरकारी, मुलींच्या वसतिगृहाची गृहपाल. शिवाय राहायला दोन खोल्या! हे गेल्यापासून तीन वर्षं नारायणदादाच्या घरात 'शकूने पेन्सिल घेतली, शकूने साय खाल्ली' हे ऐकत काढली. आता माझी शकू माझ्या घरात साय खाईल. नऊ वर्षांच्या पोरीला दुसऱ्याच्या घरात चोरासारखं वागायला शिकवलं मी, त्याची मला लाज वाटते.

वसतिगृह म्हणजे इथली जुनी गढी. रणनवरे सरदारांची. नाव मोठं, पण जीव इतकासाच. चार बुरूज, एक दरवाजा, मधे चौक, आणि पाच मिनिटांत फेरी पुरी. भिंती मात्र दोन पुरुष आडवे झोपतील एवढ्या जाड, त्यामुळे आत एप्रिलमध्येही गार वाटतं. १७ जूनला तीस मुली यायच्या आहेत. त्याआधी चुना, खाटा, संडास आणि हजार कटकटी.

मंगळवार, १६ एप्रिल

चार्ज घेतला. गढी आजवर धान्याचं गोदाम होती. दुष्काळाच्या दोन वर्षांत खडी फोडणाऱ्यांना वाटायची अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आणि सुकडी इथेच असायची. गोदामाचे कारकून बाळासो यांची विट्याला बदली झाली आहे आणि दुपारची गाडी चुकवायची नव्हती. म्हणून यादीवर त्यांनी बोट ठेवायचं आणि मी 'हं' म्हणायचं, असं काम चाललं. टेबलं दोन. खुर्च्या पाच, त्यातली एक तीन पायांची. रांजण तीन. पितळी घंटा एक. राखण एक.

हे राखण काय, म्हणून विचारलं. बाळासो म्हणाले, "ते आसतंय बाई. माज्या आदीच्या यादीत बी हाय, त्याच्या आदीच्या बी." आमच्या ह्यांच्या कचेरीत पंधरा वर्षं एक खोगीर यादीवर होतं आणि घोडा कुणी पाहिला नव्हता, तेव्हा मला नवल वाटलं नाही. न मोजता सही करणं हा सरकारी नोकराचा जन्मसिद्ध हक्क आहे, असं हे म्हणत. मी हसले आणि ठोकली सही. माझी सही सुरेख येते.

शुक्रवार, १९ एप्रिल

राखण म्हणजे काय ते समजलं. ते एक जिवंत माणूस आहे! दरवाजाच्या आतल्या देवडीत, म्हणजे पूर्वी पहारेकरी बसत त्या कोनाड्यात, राहीबाई नावाची म्हातारी राहते. सत्तरीची असेल. नाकात तपकीर, अंगाला वास, केसांत काय काय असेल देव जाणे. सात वर्षांची असताना आत आली ती उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलेलं नाही, असं आमचा पहारेकरी नाथाजी सांगतो. गाव तिला दोन वेळा भाकरी देतं. गढी मोकळी ठेवायची नाही, एक राखण आत हवीच, अशी इथली रीत. मी कपाळावर हात मारला. चंद्रावर माणूस जाऊन आला आणि हे अजून असं!

संध्याकाळी सरपंच आले. लालासाहेब. फौजेतून सुभेदार होऊन परतलेले, मिशी पांढरी, बोलणं मऊ. बाहेरचं माणूस वसतिगृहात ठेवता येत नाही असा नियम आहे, असं मी म्हणाले. मला वाटलं भांडतील. उलट म्हणाले, "कायद्यात बसत नसंल तर काडा की बाई. चार्ज तुमचा हाय. आमी कोन?" किती समजूतदार माणूस! त्यांना शकूबद्दल सांगितलं तर म्हणाले, एकोणीस मेला जीप घेऊन वाईला जायचंच आहे, येताना पोरीला घेऊन येतो. मी लगेच दादाच्या नावाने चिठ्ठी लिहून दिली.

बुधवार, २४ एप्रिल

उद्घाटनाच्या पुस्तिकेसाठी गढीचा इतिहास लिहून पाठवा, असं जिल्ह्याहून पत्र आलं. मला असली कामं आवडतात. वडिलांनी मोडी शिकवली होती ती आता कामाला येते आहे, कारण माळ्यावरच्या पेटीत जुन्या याद्यांचं एक बाड सापडलं.

तर इतिहास असा. दोनशे वर्षांपूर्वी सरदारांनी गढी बांधली. इंग्रजांनी घोडी हाकलून इथे मामलेदार कचेरी बसवली. प्लेगात कचेरी पळाली आणि इस्पितळ आलं. चौकात रोग्यांच्या बाजा लागल्या. मग पोलीस ठाणं, उत्तरेच्या बुरुजात कोठडी. मग शाळा, मग गोदाम, आता आम्ही. आणि गंमत ही, की प्रत्येकाने आपल्या मागच्याकडून चार्ज घेतला आहे आणि प्रत्येक यादीत, घोडी जाऊन बाजा आल्या, बाजा जाऊन बेड्या आल्या, बेड्या जाऊन शाळेचे फळे आले, तरी 'राखण एक' आहेच. पुस्तिकेत हे घालावं का? लोक हसतील. अजून अर्धं बाड वाचायचं आहे. खालचे कागद एकमेकांना चिकटले आहेत, ते सवडीने सोडवीन.

रविवार, २८ एप्रिल

आज राहीबाईला काढलं. पलूसला तिची भाची शालूबाई असते, तिला निरोप पाठवला होता आणि बैलगाडी सांगितली होती. वाईट काय केलं मी? नातलगांत जाईल, उन्हात बसेल. पण म्हातारीने माझे पाय धरले. "आवं बाई, मला काडू नगा. माज्यासाटी न्हाई म्हनत. तुमाला पोरगी हाय का? आसंल तर मला काडू नगा." पोरीचा काय संबंध, म्हणून मी संतापले. मला पाय धरलेले आवडत नाहीत, आणि धमकी तर त्याहून नाही. नाथाजीला म्हणाले, उचल. तिचं वजन काहीच नव्हतं. उंबरा ओलांडताना ती एकदम गप्प झाली.

गाव जमलं होतं. बायका आपापल्या मुलींना पोटाशी धरून उभ्या होत्या. देवडी फिनाईलने धुऊन घेतली.

सोमवार, २९ एप्रिल

राहीबाई वारली. गाडी ओढ्यापर्यंतसुद्धा पोचली नव्हती, म्हणजे कालच, माझी देवडी धुवून वाळायच्या आत. तसं वयच झालं होतं. मी तिला मारलेलं नाही. नियमाप्रमाणे वागले, लेखी नोंद आहे. नाथाजी माझ्याकडे बघत नाही. ते त्याचं त्याने बघावं.

गुरुवार, २ मे

आज काहीतरी विचित्र झालं. खाटांसाठी कवठ्याला जायला निघाले. अकराची वेळ, लख्ख ऊन. उंबऱ्यावर पाय ठेवला आणि श्वास थांबला. दम लागला असं नाही, श्वास येईनाच. डोळ्यांपुढे काळोख. शुद्ध आली तेव्हा चौकात पडले होते आणि नाथाजी तोंडावर पाणी मारत होता. त्याने मला आत ओढलं म्हणे. नाकातून रक्त आलं होतं, पोलक्यावर पडलं. ऊन बाधलं असणार. कांदा हुंगला, ताक प्याले. उद्या जाईन.

शुक्रवार, ३ मे

उद्या नाही, परवा नाही. आज तीनदा प्रयत्न केला. एकदा चालत, एकदा डोळे मिटून धावत. तिसऱ्यांदा नाथाजी आणि बिराप्पा धनगराला म्हटलं, मला बाजेवर घालून न्या. चार पावलं नेलं असेल. माझं काळीज थांबलेलं मला कळलं. कळतं ते. छातीत घर रिकामं झाल्यासारखं होतं. बिराप्पा ओरडला तेवढं ऐकू आलं. परत आत आणल्यावर पुन्हा सुरू झालं.

मी सुशिक्षित बाई आहे. मी डॉक्टरला बोलावणं पाठवलं आहे.

रविवार, ५ मे

डॉक्टर आले नाहीत. बाडाचे खालचे कागद वाफेवर सोडवले. वाचायला नको होते. नाही, आधीच वाचायला हवे होते.

पहिल्या यादीच्या पाठीवर सगळं लिहिलं आहे, कुणा कारकुनाने, अगदी नीट. सरदाराने गढीला जामीन म्हणून एक पोर आत ठेवली. गढी तिला सोडेना. पुढे तिला लेक झाली, तेव्हा रीत ठरली ती अशी: जी आत आहे तिने आपल्या रक्ताच्या पोरीला उंबऱ्यापलीकडून नाव घेऊन हाक मारावी. हाक ऐकून पोर आपल्या पायांनी आत आली की गढी तिला धरते आणि पहिलीला सोडते. राखण मेली तर गावातल्या मुलींच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकून नवी घ्यावी. परंतु चार्जवाल्याने राखण बाहेर काढली, तर ज्याची सही त्याने ती जागा भरून द्यावी. तोवर गढी त्यालाच धरील.

प्लेगात एका डॉक्टरने स्वच्छतेसाठी राखण काढली होती. माझ्यासारखीच. अकराव्या दिवशी त्याच्या बहिणीची मुलगी आत आली. 'डॉक्टरसाहेब दुसरे दिवशी बदलून गेले.' एवढंच वाक्य.

खाली नावं, वेगवेगळ्या अक्षरांत. नऊ. प्रत्येकीपुढे, कुणी हाक मारली ते. आईने. आईने. मामाने. आईने. शेवटचं राहीबाईचं: सन १९१२, आई सुलाबाई हिने हाक मारली, सुलाबाई त्याच संध्याकाळी पलूसला गेली. आणि राहीबाईनंतरची जागा कोरी. तिला बहीण होती, भाची होती. बासष्ट वर्षांत तिने कुणालाच हाक मारली नाही.

तिला मी गाडीत फेकलं. तिच्या केसांचा मला वास येत होता म्हणून.

सोमवार, ६ मे

दादाला पत्र लिहिलं: शकूला पाठवू नकोस, कुणी न्यायला आलं तरी पाठवू नकोस, माझी चिठ्ठी दाखवली तरी. दुसरं पत्र आईला. तारेचा मजकूरही लिहिला. तिन्ही कागद नाथाजीजवळ दिले आणि त्याला त्याच्या कुलदैवताची शपथ घातली. त्याने घेतली.

मी इथे मरेन. मरायला माझी हरकत नाही. शकू वाईत राहील. पेन्सिलीवरून बोलणी खाईल, पण राहील. हे लिहून बरं वाटलं.

गुरुवार, ९ मे

गावाने पुरणपोळ्या केल्या. सण कोणता, ते कुणी सांगेना. पाच बायका ताट घेऊन आल्या, उंबऱ्यापलीकडे उभ्या राहिल्या. सयाजी पाटलाची सून विजयमाला माझी ओटी भरायला लागली. मी विधवा आहे म्हटलं. तरी भरली. रडत होती. म्हणाली, "बाई, तुमचे लय उपकार हायत. माज्या ठकीचं नाव चिठ्ठीत हुतं." मग तिला बाकीच्यांनी ओढून नेलं.

म्हातारी आजउद्या मरणार हे सगळ्यांना माहीत होतं. चिठ्ठ्यासुद्धा लिहून ठेवल्या होत्या. त्याआधी सही करणारं कुणीतरी यायला हवं होतं, शहाणं, स्वच्छतेची आवड असलेलं. आणि तिला पोरगी असेल तर उत्तम. काडा की बाई. चार्ज तुमचा हाय.

पोळी खाल्ली मी. भूक लागते. याचीच चीड येते.

सोमवार, १३ मे

लालासाहेब आले. खुर्ची मागवून उंबऱ्याबाहेर बसले. खिशातून माझी दोन्ही पत्रं आणि तारेचा कागद काढला, उलगडले नव्हते, आणि माझ्यासमोर ठेवले. लपवाछपवी मला जमत न्हाई, म्हणाले.

मी शिव्या दिल्या. मला येतात एवढ्या सगळ्या. पाया पडले. उंबऱ्यावर डोकं आपटून घेतलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, टोपी काढून. मग म्हणाले, त्यांच्या नातीचं नावही चिठ्ठ्यांत होतं. आणि म्हणाले, "आमी बळजोरी करत न्हाई, बाई. पोरीला कुनी आत ढकलनार न्हाई, हात लावनार न्हाई. तुमी हाक मारली तरच. न्हाई मारली तर सांच्याला जीपनं माघारी वाईला. माजा शब्द. आजवर कुनी बळजोरी केली न्हाई. लागतच न्हाई."

जाताना खुर्ची स्वतः उचलून घेऊन गेले.

गुरुवार, १६ मे

हाक मारणार नाही. एवढं सोपं आहे. तोंड मिटून बसायचं, एक दिवस. मग ती परत जाईल.

पाय गार पडतात, आता गुडघ्यापर्यंत. राहीबाईचे कसे असतील – सात वर्षांचे पाय –

भिंतीतून काही येत नाही. कुणी दिसत नाही. तसं असतं तर बरं होतं. नुसती भिंत आहे आणि मी तिला हवी आहे.

शुक्रवार, १७ मे

देवडीत बसते. खोलीत जाववत नाही. काल नाथाजीने भाकरी देवडीतच आणून ठेवली, मी सांगितलं नव्हतं. उंबऱ्यापासून रस्ता दिसतो, वडाचं झाड दिसतं, एस.टी. थांबते ते दिसतं. साडेचारची गाडी. लोक चढतात. असे सहज चढतात! पाय उचलायचा, दांडी धरायची –

बासष्ट वर्षं. मी शहाण्णव वर्षांची होईन.

शनिवार, १८ मे

दादा चिठ्ठी बघून देईल तिला. माझंच अक्षर. माझीच सही.

दातांत पदराचा बोळा धरून पाहिला. बसतो. उद्या तसंच –

हाक मारणार नाही हाक मारणार नाही

रविवार, १९ मे. दुपार.

आली. नवा परकर घातला आहे, हिरवा, त्यांनी दिलेला. हातात गुळाचा खडा. वडाखाली जीप आहे. लालासाहेबांनी तिला सांगितलंय, आई हाक मारंल तवा जायचं, तशी रीत हाय. शहाणी पोर, पायरीवर बसली आहे. मला हात केला. मी बोळा दातांत धरला आहे आणि लिहिते आहे, म्हणजे हात कामात राहतील.

दार लावून घ्यावं हे सुचलं नाही असं नाही. लावते. पण लावलं तर ती दिसणार नाही. पाच मिनिटांनी लावते.

उंच झाली आहे. महिन्याभरात.

तीन वाजले. तिला तहान लागली, विजयमालाने पाणी दिलं. विजयमाला माझ्याकडे बघत नाही. 'आई, तू बोलत का नाहीस?' शकू विचारते. 'तू रागावलीस?' मान हलवली. नाही गं. नाही.

बोळा काढला. गुदमरत होतं. तोंड मिटलेलंच आहे.

चार. साडेचारला गाडी आहे. साताऱ्यापर्यंत गेले तरी – डॉक्टर, पोलीस, कुणीतरी मोठा साहेब. इथे बसून काय होणार? बाहेर एक माणूस हवं, धावपळ करणारं. शकू बाहेर राहून काय करणार? ती लहान आहे. मी बाहेर असले तर महिन्याभरात सोडवीन तिला. महिना तरी कशाला.

जूनमध्ये तीस मुली येतील. एकटी पडणार नाही. शाळा आतच भरवता येईल, मी अर्ज करीन. लहान वयात सवय होते, म्हातारपणी होत नाही. दर पंधरवड्याला भेटायला येईन. साय आणीन –

शी. शी. काय लिहिते आहे मी हे –

हाक मारलेली नाही. नोंद करून ठेवते, सव्वाचारपर्यंत हाक मारलेली नाही.

गाडीचा आवाज. आज लवकर आली. ती माझ्याकडे बघते आहे. मी नुसते ओठ ओले केले. तिला वाटलं मी – उठली. चप्पल काढते आहे. नको. नको, बस खाली. कुणी धरत का नाही तिला? हात लावणार नाही म्हणाले होते. थांबवायला हवं. थांब म्हणायला हवं. नुसतं थांब म्हटलं तर लेकराला कळेल का कुणाला म्हटलं, नाव घेतल्याशिवाय – नाव घेऊनच म्हणावं लागेल, थांबवायलाच, फक्त थांबवायला, शकू, थां